शंभर रुपयांची कपात

सोमवार, ३ मार्च

विधिमंडळाने प्रत्येक सदस्याला एक बॅग, एक पेन आणि ही जाड पुठ्ठ्याची डायरी दिली आहे. बॅगेची चेन पहिल्याच दिवशी गेली. पेन एका सन्माननीय सदस्याने सही करायला म्हणून घेतलं आणि स्वतःच्या खिशाला लावून तो निघून गेला. राहिली डायरी. तेव्हा ठरवलं की नेमाने लिहायचं. पुढे माझं चरित्र लिहायची वेळ कोणावर आलीच, तर त्या बिचाऱ्याची अडचण व्हायला नको.

आज अर्थसंकल्पीय अधिवेशन सुरू झालं. मी अपक्ष असल्यामुळे मला शेवटच्या रांगेत, खांबामागे जागा दिली आहे. खांबामुळे अध्यक्ष पूर्ण दिसत नाहीत, त्यांचा उजवा कान तेवढा दिसतो. शेजारी विरोधी पक्षाचे एक ज्येष्ठ सदस्य बसतात. सात वेळा निवडून आलेले. अख्खं सभागृह त्यांना काका म्हणतं. दिवसभर त्यांचे डोळे मिटलेले असतात, पण त्यांच्या पक्षाचं कोणी बोललं की ते झोपेतच बाक वाजवतात.

मी इथे कसा आलो ते पहिल्याच पानावर नोंदवून ठेवतो. मी सायकल दुरुस्त करणारा माणूस. राजकारण माझ्या ध्यानीमनी नव्हतं. माझी मोठी बहीण, अक्का, आमच्या गावच्या आरोग्य उपकेंद्रात एकतीस वर्षं नर्स आहे. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, एक खाट, एक वजनकाटा आणि लशींचा एक फ्रिज. फ्रिजचं दार माझ्या दुकानातल्या जुन्या ट्यूबने बांधून ठेवावं लागतं. डॉक्टर अडतीस किलोमीटरवर. आजूबाजूच्या अकरा वस्त्यांना मिळून एकटी अक्का.

ती या महिन्याच्या एकतीस तारखेला निवृत्त होते. आणि सरकारचा नियम असा की माणूस निवृत्त झाला की त्याचं पदही रद्द. अर्थसंकल्पात नव्याने सोय केली तरच ते पद राहतं. म्हणजे एक एप्रिलपासून उपकेंद्राला कुलूप. गेल्या वर्षी अक्का तीन दिवस प्रशिक्षणाला गेली, तेवढ्यात गिरणीवाल्याची सून टेम्पोत बाळंत झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, टेम्पोवाला मात्र अजून सावरलेला नाही.

तर निवडणूक आली तेव्हा अक्का मला म्हणाली, "अर्ज भर. गावात रिकामा तूच आहेस." मी भरला. प्रचारात मी एकूण चौतीस भाषणं केली. अक्का काही बोलली नाही, ती फक्त नेहमीप्रमाणे घरोघर लशी टोचत फिरली. मी दोनशे बारा मतांनी निवडून आलो. शेवटी वक्तृत्वाला पर्याय नाही.

गुरुवार, ६ मार्च

आज आरोग्यमंत्र्यांना भेटलो. केवढा मोठा माणूस आणि किती साधा! मी निवेदन दिलं, त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं. म्हणाले, "या मागणीचा सकारात्मक विचार करण्यात येईल." मला आकाश ठेंगणं झालं. लगेच बाहेर येऊन अक्काला फोन लावला.

"अक्का, काम झालं! सकारात्मक विचार करणार आहेत!"

पलीकडे खुर्ची सरकली. मला वाटलं, आनंदाने उठून उभी राहिली असेल.

"थांब," ती म्हणाली. कपाट उघडल्याचा आवाज आला. "ऐक. फ्रिजसाठी, सकारात्मक विचार. छताच्या गळतीसाठी, सकारात्मक विचार. मदतनीस बाईसाठी, सहानुभूतीपूर्वक सकारात्मक विचार. एकतीस वर्षांची फाइल आहे माझ्याकडे, बाळा. तुझंही पत्र आलं की लावते ह्यात. फाइलचा दोरा संपत आलाय, येताना आण."

अक्काचा स्वभाव पहिल्यापासून थोडा निराशावादी आहे.

सोमवार, १० मार्च

माझी किंमत इथे हळूहळू लोकांना कळू लागली आहे.

सरकारी पक्षाचे प्रतोद, म्हणजे मतदानाच्या वेळी आपल्या पक्षाची डोकी मोजणारे गृहस्थ, स्वतः माझ्या खोलीवर आले. सोबत बिस्किटांचा पुडा. सरकार सध्या माझ्यासारख्या दोन अपक्षांच्या टेकूवर उभं आहे असं कँटीनमध्ये कोणीतरी म्हणत होतं, पण प्रतोद तसल्या क्षुद्र गोष्टीबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. त्यांनी सायकल, गिअर, माझं बालपण यांचीच चौकशी केली. जाता जाता म्हणाले, "ग्रंथालय समितीचं अध्यक्षपद रिकामं आहे. तिथे तुमच्यासारखा व्यासंगी माणूस हवा."

मला वाचनाची आवड आहे हे त्यांना कसं कळलं कोण जाणे. मी अक्काला सांगितलं. ती म्हणाली, "गावात तुला कोण फुकट बिस्कीट खाऊ घालत नाही. तिथे का घालतात, ते विचारलंस?"

प्रत्येक गोष्टीत संशय घेणं बरं नव्हे.

बुधवार, १२ मार्च

आज काकांनी डोळे उघडले. कँटीनचं जेवण तयार झाल्याची घंटा होती, पण तेवढ्यात मी त्यांना गाठलं. उपकेंद्रासाठी पैसे मागायचे कसे, असं विचारलं.

"सोपं आहे," काका म्हणाले. "कपात सूचना द्या. आरोग्य खात्याच्या मागणीतून, म्हणजे खर्चाला मागितलेल्या रकमेतून, शंभर रुपये कमी करावेत, असं लिहून द्यायचं."

"कमी करावेत? अहो काका, मला वाढवून हवेत!"

"वाढवा म्हणायचा आपल्याला हक्क नाही. कमी करा म्हणायचा आहे. कमी करा म्हटलं की बोलायला चार मिनिटं मिळतात. त्या चार मिनिटांत वाढवा म्हणून रडायचं. शेकडो वर्षांची रीत आहे." एवढं बोलून ते भाताच्या वासाच्या दिशेने निघून गेले.

असला उफराटा न्याय मी जन्मात ऐकला नव्हता. पण रीत ती रीत. लगेच सूचना लिहून सचिवालयाच्या खिडकीत दिली. तिथे प्रतोद उभेच होते. त्यांनी कागद वाचला, हसले आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "टाका की! शेवटी काय करायचं ते माहीत आहे ना?"

"अर्थात," मी म्हणालो.

शेवटी काय करायचं ते मला माहीत नाही. पण ग्रंथालय समितीच्या भावी अध्यक्षाने असं विचारणं शोभलं नसतं.

शनिवार, १५ मार्च

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

सकाळी वर्तमानपत्र उघडलं तर तिसऱ्या पानावर ठळक मथळा: "आरोग्य खर्चात कपात करा: अपक्ष आमदाराची मागणी". खाली माझा फोटो. फोटो चांगला आला आहे, एवढंच समाधान.

नऊ वाजेपर्यंत बायकोचे सहा फोन. दुकानाच्या भिंतीवर लावलेला माझा विजयाचा फोटो कोणीतरी उलटा टांगला आहे. गिरणीवाल्याने आपली सायकल दुसरीकडे दुरुस्तीला नेली, बारा किलोमीटर हातात धरून. शाळेचे हेडमास्तर म्हणाले म्हणे, "मागायला पाठवला, तर कापायला बसला." बायको पुढे म्हणाली, "मीही तुम्हाला मत दिलं होतं, हे मी सध्या कुणाला सांगत नाहीये."

अक्काचा फोन आला नाही. तेच जास्त भीतीदायक.

रविवार, १६ मार्च

शेवटी मीच फोन केला. अक्का घरी नव्हती. वरच्या वस्तीत एका म्हाताऱ्याला पट्टी बांधायला गेली होती. तासाभराने तिचा फोन आला, दम लागलेला.

मी कपात सूचनेची सगळी भानगड समजावून सांगितली. मला समजायला तीन दिवस लागले होते. तिला अर्धं मिनिट लागलं.

"म्हणजे पोट भरलंय असं सांगितलं तरच पंगतीत बसू देतात," ती म्हणाली. "शहाणी माणसं दिसतात तुझ्याकडची. बरं. मग आता असं कर, एकदा तोंडातून काढलंयस ना, तर मागे हटू नकोस. कोणी काय म्हणेल, कोणी बिस्कीट देईल. आपल्या घरात बोललेलं मागे घ्यायची रीत नाही. कळलं?"

"कळलं."

"आणि मी अर्ज लिहून पोस्टाने पाठवलाय. तो त्यांना वाचून दाखव. तुझं काही घालू नकोस त्यात."

बुधवार, १९ मार्च

अक्काचा अर्ज पोचला. अवघ्या दोन ओळींचा आहे. अशाने सरकार हलतं होय? मी त्याचा विस्तार करून सहा पानं केली. आरोग्याचं महत्त्व, मानवी संस्कृतीचा उदय, चाकाचा शोध असं क्रमाने घेतलं आहे. अक्काचा मूळ कागद घडी करून खिशात ठेवून दिला.

आज सभागृहात दुसरं काही घडलं नाही. पाखरू शिरलं होतं. ते बाहेर जाईपर्यंत सर्वपक्षीय एकमत होतं.

मंगळवार, २५ मार्च

हे सभागृहाच्या पायरीवर बसून लिहितो आहे, अक्षर चरित्रकाराने समजून घ्यावं.

दुपारी आरोग्य खात्याच्या मागण्या आल्या. एकूण अठरा कपात सूचना होत्या, माझी अठरावी. मला चार मिनिटं मिळाली. चाकाच्या शोधापर्यंत पोचलो तोच अध्यक्षांची घंटा झाली. अक्का, उपकेंद्र, एकतीस तारीख हे सगळं पाचव्या पानावर होतं. मी घाईघाईने म्हणालो, "थोडक्यात, नर्स हवी," आणि खाली बसलो.

आरोग्यमंत्र्यांनी उत्तर दिलं. सर्व सूचनांचा सकारात्मक विचार करण्यात येईल.

मग अध्यक्ष एकेक नाव पुकारून विचारू लागले, "सन्माननीय सदस्य आपली सूचना मागे घेत आहेत का?" आणि एकेक सदस्य उठून म्हणू लागला, "मागे घेतो." सतराच्या सतरा! मी बघतच राहिलो. एकालाही कणा नाही! काकांनी तर डोळेही न उघडता मागे घेतली.

"सन्माननीय सदस्य, आपण?"

मला अक्का आठवली. "नाही," मी म्हणालो.

अध्यक्ष खांबाच्या बाजूने वाकले. पहिल्यांदाच मला त्यांचा संपूर्ण चेहरा दिसला. "काय म्हणालात?"

"मागे घेत नाही. आमच्या घरात ती रीत नाही."

एवढ्या माना एकदम फक्त पाखरू शिरलं तेव्हाच वळल्या होत्या. मग मतदानाची घंटा वाजू लागली. आतापर्यंत ही घंटा बिघडली आहे असाच माझा समज होता. प्रतोद धावत आले, समोरची डोकी मोजली, परत मोजली आणि त्यांचा रंग उडाला. सरकारी पक्षाचे चार जण शहरातल्या एका नव्या खासगी दवाखान्याच्या उद्घाटनाला गेले होते.

काका पूर्ण जागे झाले होते. त्यांचे डोळे घारे आहेत हे मला आज कळलं. "अहो," ते कुजबुजले, "ही शंभर रुपयांची कपात मंजूर झाली तर सरकार पडतं. म्हणून तर मागे घ्यायची असते!"

"हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?"

"जेवणाची घंटा झाली होती ना."

आता ही डायरी खासगी आहे म्हणून खरं लिहितो. माझी पाचावर धारण बसली. सरकार पाडायला मी आलो नव्हतो. मी सूचना मागे घ्यायलाच उठलो. तोंड उघडलं, पण घशातून आवाजच फुटेना. सगळ्यांना वाटलं, मी निश्चयाने उभा आहे. प्रतोद म्हणाले, "ग्रंथालय समिती आणि सोबत गाडी." मी घसा खाकरायचा प्रयत्न करत मान हलवली. ते म्हणाले, "परदेश दौरा!" मी पुन्हा मान हलवली. मला फक्त पाणी हवं होतं.

शेवटी आरोग्यमंत्री स्वतः शेवटच्या रांगेत आले. कपाळावर घाम. "तुम्हाला हवंय तरी काय?" त्यांनी विचारलं. मला बोलता येईना, म्हणून खिशात हात घातला आणि हाताला आलं ते त्यांना दिलं. माझी सहा पानं नव्हती ती, अक्काचा कागद होता. त्यांनी वाचला. मग पुन्हा वाचला, ओठ हलवत:

"मी ३१ तारखेला निवृत्त होत आहे. त्या दिवशी दार लावून किल्ली कोणाकडे द्यावी, ते कृपया कळवावे."

मंत्र्यांनी कागदाची घडी घातली. मागे वळून सचिवांना विचारलं, "अशी किती पदं आहेत?" सचिव म्हणाले, "या वर्षी दोनशे चौदा, सर."

मंत्री मला म्हणाले, "ठीक आहे. तुमच्या गावचं पद कायम ठेवतो. झालं?"

मी आनंदाने होकार देणार, तोच काका माझ्या खांद्यावर हात टाकून खणखणीत आवाजात म्हणाले, "सन्माननीय सदस्यांचं म्हणणं असं आहे की एका पदावर भागणार नाही. आरोग्य उपकेंद्रांपुरता तो नियमच काढून टाका." मी असं काहीच म्हटलं नव्हतं. पण घंटा वाजतच होती, मंत्र्यांनी अर्थमंत्र्यांकडे पाहिलं, अर्थमंत्र्यांनी रिकाम्या चार खुर्च्यांकडे पाहिलं, आणि दोन मिनिटांत घोषणा झाली. नियम रद्द, दोनशे चौदा पदं कायम.

"आता घ्या मागे," काका म्हणाले.

"मागे घेतो!" आवाज असा फुटला की मीच दचकलो.

बुधवार, २६ मार्च

वर्तमानपत्राचा मथळा: "टीकेनंतर अपक्ष आमदाराची माघार, कपातीची मागणी मागे". बायकोने कळवलं की गावाने माझा फोटो सुलटा केला आहे. हेडमास्तर म्हणतात, चूक कबूल करायलाही मोठं मन लागतं. समजावून सांगायचा प्रयत्न मी सोडून दिला. ग्रंथालय समितीचं अध्यक्षपद प्रतोदांच्या मेहुण्याला मिळालं. त्यांनाही वाचनाची आवड असावी.

अक्काला सगळं सांगितलं. तिने आकडा पुन्हा सांगायला लावला. मग म्हणाली, "दोनशे चौदा?" आणि पुन्हा, "दोनशे चौदा जणी?" मग फोन ठेवला. कोणीतरी आलं असेल.

सोमवार, ३१ मार्च

निरोप समारंभ. मी चाळीस मिनिटं बोललो. सत्कारमूर्ती त्यातली छत्तीस मिनिटं आत होती, कारण एका पोरीने नाकात शेंगदाणा घातला होता. शेंगदाणा निघाला तेव्हा टाळ्या झाल्या. त्या माझ्या भाषणाला होत्या असं मी नोंदवत नाही.

रविवार, ६ एप्रिल

नवी नर्स अजून आलेली नाही. "आदेश निघाला आहे" असं कळतं. अक्का निवृत्त होऊनही रोज आठच्या ठोक्याला उपकेंद्र उघडते. मी म्हणालो, आता तू सरकारी नोकर नाहीस. ती म्हणाली, "गळूला सांग ते."

गुरुवार, १० एप्रिल

नवी नर्स आली. तिशीच्या आतली, बारीक चणीची, पण आवाज असा की कुत्रीसुद्धा अंगणाबाहेर जाऊन बसली. स्वागताला मी हजर होतो. भाषण काढणार, तोच ती म्हणाली, "पेशंट नसाल तर जरा बाजूला उभे राहा." मी बाजूला उभा राहिलो.

अक्काने एकेक वस्तू ताब्यात दिली. शेवटी रक्तदाबाचं रजिस्टर. चाळिशीवरच्या प्रत्येक माणसाला त्यात एक पान आहे, अकरा वस्त्यांतल्या झाडून सगळ्यांना. नर्सने ते पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळलं आणि विचारलं, "मावशी, तुमचं पान कुठंय?"

"माझं कशाला?"

"तुमचा दाब कोण बघत होतं?"

"कोण बघणार?" अक्का हसली. "दंडाला पट्टा आपणच बांधायचा, फुगा आपणच दाबायचा, काचेवर नजरही आपणच ठेवायची आणि कानात नळी. दोन हातांत मावत नाही गं ते. राहूनच गेलं."

नर्सने तिला खांद्याला धरून पेशंटच्या स्टुलावर बसवलं. अक्का म्हणाली, मला काही झालेलं नाही. अक्का म्हणाली, आधी या आमदाराचा बघ, त्याचं तोंड कसं पडलंय. "मोजताना बोलायचं नसतं, मावशी," नर्स म्हणाली. आणि अक्का गप्प बसली. माझ्या पंचावन्न वर्षांच्या आयुष्यात मी तिला कोणाच्या सांगण्यावरून गप्प बसलेलं पाहिलं नव्हतं.

नर्सने डाव्या दंडाला मोजलं. मग उजव्या. मग पुन्हा डाव्या. मग माझ्याकडे वळून, अगदी वेगळ्या आवाजात, "दादा, एक गाडी ठरवता का? आजच मोठ्या दवाखान्यात दाखवून या."

"आज कसं जमेल?" अक्का उसळली. "आज लसीचा वार आहे. बायका पोरं घेऊन येतील."

"त्यांना मी टोचते. मी आलेय ना आता."

अक्काने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेला काय म्हणावं मला कळत नाही. मी सहा महिने आमदार आहे, चौतीस अधिक दोन भाषणं केली, पण एवढ्या दिवसांत तिला "तू कशी आहेस" असं एकदाही विचारलं नव्हतं. मला फार लाज वाटली. डोळे भरून आले म्हणून मी गाडी बघायला जातो असं पुटपुटत दाराकडे वळलो.

मागून अक्का विचारत होती, "किती आलाय ते तरी सांग, पोरी."

"आधी जरा पडा. मग सांगते."

खाट कुरकुरली. एकतीस वर्षं तिने सगळ्या गावाला ज्या खाटेवर निजवलं, त्या खाटेवर अक्का पहिल्यांदा आडवी झाली होती.